माडबनचा सडा आणि नाट्याचा समुद्र

राजापूर तालुक्यात जैतापूरची खाडी अरबी समुद्राला मिळते. खाडीच्या दक्षिणेला माडबनचा सडा, उत्तरेला साखरीनाट्याचं मासळीचं बंदर. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. माडबनचा सडा समुद्रसपाटीपासून सुमारे २५ मीटर उंच आहे. मे महिन्यात तिथे उभं राहिलं की चारी बाजूंना काळा-तांबूस कातळ तापलेला दिसतो, मधूनमधून वाळलेलं गवत आणि दूरवर कलमांच्या बागांच्या हिरव्या रेघा. जुलैत तोच कातळ पाण्यानं भरतो. त्याच्या खळग्यांतून गेंद आणि सीतेची आसवं फुलतात, गुडघाभर गवत उभं राहतं आणि गुरं दिवसभर तिथेच असतात. या सड्यावर जगातला सर्वांत मोठा अणुवीज प्रकल्प उभारायचं ठरलं, त्याला आता वीस वर्षं होत आली. जमीन घेतली गेली, भिंत बांधली गेली, एका तरुणाचा गोळी लागून जीव गेला. वीज मात्र अजून एक युनिटही तयार झालेली नाही.

असं का झालं, याचा माग काढायचा तर आधी राजस्थानात जावं लागतं.

१८ मे १९७४ रोजी पोखरणच्या वाळवंटात भारतानं पहिला अणुस्फोट केला. अणुइंधन आणि तंत्रज्ञान विकणारे देश त्यानंतर एकत्र आले आणि भारताला दारं बंद झाली. तारापूरच्या अणुभट्ट्यांसाठी अमेरिकेनं पुरवायचं इंधन अडलं. देशाच्या अणुशास्त्रज्ञांनी स्वतःच्या बळावर भट्ट्या बांधल्या, पण देशातलं युरेनियम तोकडं होतं. २००५-०८च्या सुमारास असलेल्या भट्ट्यासुद्धा इंधनाअभावी पूर्ण ताकदीनं चालवता येत नव्हत्या.

मे १९९८ मध्ये पोखरणला पुन्हा स्फोट झाले. स्फोटाच्या जागेपासून काही किलोमीटरवर खेतोलाई नावाचं बिश्नोई समाजाचं गाव आहे. ११ मेच्या दुपारी सैनिकांनी तिथल्या लोकांना घरांबाहेर काढून उघड्यावर थांबायला सांगितलं. जमीन हादरली, घरांच्या भिंतींना आणि पाण्याच्या टाक्यांना तडे गेले. देशभर पेढे वाटले जात होते तेव्हा या गावाला आपल्या टाक्या गळतात की काय याची काळजी होती. वाळवंट म्हणजे रिकामी जागा असं राजधानीतून दिसतं. तिथे गुरं राखणारी, टाक्यात पावसाचं पाणी साठवून वर्ष काढणारी माणसं राहतात, हे नकाशात उमटत नाही. रत्नागिरीच्या सड्याचंही पुढे तेच झालं.

पोखरणनं बंद केलेली दारं उघडली ती जुलै २००५ मध्ये मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांच्या संयुक्त निवेदनापासून. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटानं भारताला सूट दिली. त्याच महिन्याच्या अखेरीस भारत-फ्रान्स करार झाला. ज्या देशांनी ही सूट मिळवून देताना साथ दिली, त्यांच्याकडून अणुभट्ट्या विकत घ्यायच्या होत्या. रशियाच्या भट्ट्या तामिळनाडूत कुडनकुलमला, अमेरिकेच्या गुजरात आणि आंध्रात, आणि फ्रान्सच्या माडबनला, जैतापूर प्रकल्प या नावानं. फेब्रुवारी २००९ मध्ये अणुऊर्जा महामंडळ आणि फ्रान्सची अरेवा कंपनी यांच्यात सामंजस्य करार झाला. प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट. त्या काळात महाराष्ट्रातल्या खेड्यांत रोजचं कित्येक तासांचं भारनियमन चालू होतं. शेतकरी रात्री उठून पंप चालवत होते. एवढी वीज एका जागी मिळणार, या कल्पनेची ओढ सरकारला वाटावी यात नवल नव्हतं. ही बाजू विसरून या लढ्याची गोष्ट सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल.

जागा मात्र या सगळ्या करारांच्या आधीच ठरली होती. २००५ मध्ये माडबनला तत्त्वतः मान्यता मिळाली आणि पुढच्या दोन वर्षांत माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली आणि वरिलवाडा इथल्या लोकांच्या हाती भूसंपादनाच्या नोटिसा पडल्या. एकूण जमीन ९३८ हेक्टर, खातेदार दोन हजार तीनशेच्या वर. कायदा १८९४ चा. त्यातलं तातडीचं कलम लावलं गेलं, म्हणजे हरकती ऐकून घ्यायची पायरीच गळली. यातली सुमारे ६५ टक्के जमीन पडीक आहे, असं सरकारचं सांगणं होतं.

आता ही पडीक जमीन काय होती ते जरा जवळून पाहायला हवं.

कोकणातल्या घराला एकाच प्रकारच्या जमिनीवर जगता येत नाही. खाली मळ्यात भात. उतारावर वरकस जमिनीत नाचणी आणि वरी, तीही आलटूनपालटून, मधली काही वर्षं जमीन विसाव्याला सोडून. सड्यावर गवत, गुरं, जळण, आणि चिरे. भात लावायच्या आधी तरव्याची, म्हणजे रोपांच्या वाफ्याची, भाजावळ करायची तर त्यासाठी जाळायला लागणारा कवळ (तोडलेल्या फांद्या) आणि पातेरा (वाळका पाला) उतारावरून आणि सड्यावरूनच यायचा. म्हणजे सडा काढून घेतला की खालचं भातही अडतं. सातबाऱ्यावर यातलं काही दिसत नाही. तलाठी पीकपाण्याच्या रकान्यात लिहिणार काय? गवत आपोआप उगवतं, गुरं चालून जातात.

आणि कलमं. कातळात हापूसचं कलम लावणं हे काम ज्यानं केलंय त्यालाच कळतं. पहारीनं आणि सुरुंगानं तीन-चार फुटांचा खड्डा फोडायचा. निघालेल्या दगडाचा भोवती गडगा रचायचा. मग लांबून माती आणायची, पाटीनं नाहीतर बैलगाडीनं, नंतरच्या काळात टेम्पोनं. तीत शेणखत मिसळायचं, कलम लावायचं, आणि पहिली काही वर्षं दर उन्हाळ्यात विहिरीवरून डोक्यावर कळश्या आणून ते जगवायचं. मुळं कातळाच्या भेगांत उतरली की झाड स्वतःच्या पायावर उभं राहतं. हे पाणी घालायचं काम बहुतेक घरांत बायकांनी केलं, कारण पुरुष मुंबईत गिरणीत होते. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या, परळ-लालबागचे अनेक चाकरमानी गावी परतले, आणि १९९० पासून राज्य सरकारनं रोजगार हमी योजनेशी जोडलेली फळबाग लागवड योजना आणली. त्या अनुदानावर कोकणभर सडे फुटले आणि आंबा-काजू उभा राहिला. म्हणजे ज्या सरकारनं एका हातानं कातळात कलमं लावायला पैसे दिले, त्याच सरकारनं कलमं भरात आल्यावर तो कातळ पडीक ठरवला. माझ्या मते साऱ्या संघर्षाचं मूळ इथे आहे. किरणोत्साराची भीती नंतरची.

हापूसच्या बागेवर फक्त मालक जगत नाही. मोहोर आला की फवारणीवाले, मग राखणदार, झेल्यानं आंबा उतरवणारे गडी, वर्गवारी करून पेट्या भरणाऱ्या बायका, पेट्या नेणारे ट्रकवाले. गेल्या काही दशकांत नेपाळहून आलेले गुरखेही हंगामभर बागेत राहतात. मार्च ते मे वाशीच्या बाजारात जाणाऱ्या पेटीमागे एवढ्या लोकांची मजुरी असते. जमिनीचा मोबदला ठरला तो खातेदाराला. राखणदाराचं आणि पेटी भरणाऱ्या बाईचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.

खाडीपलीकडे साखरीनाट्यात तर जमिनीचा प्रश्नच नव्हता. हे मच्छीमारांचं गाव, बहुसंख्य मुसलमान दालदी. ट्रॉलर, गिलनेटवाल्या आणि पर्ससीनच्या होड्या, शिवाय खाडीत पागणारे लहान मच्छीमार. बांगडा, सुरमई, पापलेट, कोळंबी, माकूळ. होडी बंदराला लागली की तांडेल आणि खलाशी मासळी उतरवतात, लिलाव होतो, बर्फ फोडला जातो, बायका मासळी निवडायला बसतात. हिशेब वाट्यानं होतो: आधी डिझेल-बर्फाचा खर्च वजा, मग होडीचा वाटा, तांडेलाचा वाटा, खलाशांचा वाटा. खाडीच्या काठच्या गावांत बायका ओहोटीला मुळे आणि कालवं काढतात, तो त्यांचा स्वतःचा पैसा. या गावाच्या नावावर समुद्राचा सातबारा नाही. म्हणून प्रकल्पाच्या कागदांत नाटे हे प्रकल्पग्रस्त गाव ठरत नव्हतं.

मच्छीमारांना काळजी कशाची होती, ते सोपं करून सांगता येतं. अणुभट्टीत तयार झालेल्या वाफेनं जनित्र फिरलं की ती वाफ पुन्हा थंड करून पाणी करावं लागतं. त्यासाठी समुद्राचं पाणी आत ओढायचं आणि गरम झालेलं परत समुद्रात सोडायचं. सहा भट्ट्यांसाठी हे पाणी दिवसाला सुमारे ५,२०० कोटी लिटर, आणि सोडताना ते समुद्राच्या पाण्यापेक्षा पाच अंशांपर्यंत गरम असणार. ओढलेल्या पाण्याबरोबर माशांची अंडी, पिल्लं आणि त्यांचं खाद्य असलेले सूक्ष्म जीवही आत जातात. मोठा मासा गरम पाणी टाळून दूर जातो. लहान होडीला त्याच्यामागे जाता येत नाही. दुसरी काळजी पहाऱ्याची. अणुप्रकल्पाच्या समोरच्या समुद्रात होड्यांना मोकळा वावर मिळत नाही, आणि खाडीचं तोंड तर प्रकल्पाच्या दारातच. पाण्याचा परिणाम मर्यादित राहील, मासेमारीवर बंधनं येणार नाहीत, असं अधिकारी सांगत होते. नाट्याचा त्यावर विश्वास बसला नाही, कारण उत्तरेला तारापूर होतं.

तारापूरला भारतातली पहिली व्यापारी अणुवीज १९६९ मध्ये निघाली. तिसरी आणि चौथी भट्टी आली तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली. समुद्राकाठी वाडी-बागायत आणि मासेमारी करणारी ही माणसं आतल्या बाजूला, पुनर्वसनाच्या ओळीतल्या घरांत गेली. त्यांच्या नोकऱ्यांच्या आणि सोयींच्या तक्रारी कोर्टापर्यंत गेल्या. जवळच्या घिवलीचे मच्छीमार मासळी घटल्याचं सांगत राहिले. या हकिगती माडबन-नाट्याला पोचल्या होत्या.

रत्नागिरी जिल्ह्याची स्वतःचीही आठवण ताजी होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला रत्नागिरी शहराजवळ स्टरलाइटचा तांबे वितळवण्याचा कारखाना येत होता. बागायतदार आणि मच्छीमार रस्त्यावर उतरले, कारखान्याला गाशा गुंडाळावा लागला आणि तो तामिळनाडूत तुतिकोरिनला गेला. गुहागर तालुक्यात एन्रॉन ही अमेरिकन कंपनी वीज प्रकल्प घेऊन आली. १९९७ मध्ये वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत भल्या पहाटे पोलीस घुसले, बायकांना घरांतून ओढून मारहाण झाली. त्या आंदोलनातल्या दडपशाहीवर १९९९ मध्ये ह्युमन राइट्स वॉचनं सविस्तर अहवाल काढला. २००१ मध्ये एन्रॉनच बुडाली आणि प्रकल्प बंद पडला. एक लढाई जिंकलेली आणि दुसरी हरूनही खरी ठरलेली, अशा दोन आठवणी घेऊन हा जिल्हा जैतापूरला सामोरा गेला.

जानेवारी २०१० मध्ये महसूल अधिकारी पोलीस बंदोबस्तात माडबनच्या जमिनीचा ताबा घ्यायला आले. गावकरी आडवे झाले, लाठ्या बसल्या, अटका झाल्या आणि कागदावर ताबा झाला. धनादेश तयार होते, पण पहिल्या वर्षात ते घेणारे खातेदार शे-सव्वाशेच्या घरात होते, आणि त्यांतले बरेच मुंबईत स्थायिक झालेले. बाकीच्यांनी धनादेशाकडे पाठ फिरवली. जनहित सेवा समितीचे प्रवीण गवाणकर माडबनचा आवाज झाले, नाट्याच्या मच्छीमारांना अमजद बोरकरांनी बांधून ठेवलं, वैशाली पाटील गावोगाव सभा घेत होत्या, निवृत्त न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील पाठीशी उभे राहिले. शेतकरी हिंदू, मच्छीमार मुसलमान. दोघांचे प्रश्न वेगळे, पण मोर्चा एक. कोकणच्या अलीकडच्या इतिहासात ही एकजूट मला फार मोलाची वाटते.

१६ मे २०१० ला माडबनला पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली. नागपूरच्या नीरी संस्थेनं केलेल्या आघात मूल्यांकनाचा अहवाल मराठीत वेळेवर हातात पडला नाही, ही चारपैकी तीन ग्रामपंचायतींची तक्रार होती. जो अहवाल वाचलाच नाही त्यावर हरकत घ्यायची कशी, हा त्यांचा साधा प्रश्न. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं या परिसराची स्वतंत्र पाहणी करून सडा, खाडी आणि तिवरं मिळून हा भाग जैवविविधतेनं समृद्ध असल्याचं सांगितलं. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या अहवालानं जमीन पडीक असल्याच्या सरकारी दाव्यावर बोट ठेवलं. तरीही नोव्हेंबर २०१०च्या अखेरीस पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ३५ अटी घालून मंजुरी दिली, आणि लगेच ६ डिसेंबरला फ्रान्सचे अध्यक्ष निकोला सार्कोझी दिल्लीत असताना अरेवाशी करार झाला. पाहुणे यायच्या आधी मंजुरी हातात असणं ही निकड होती, असं तेव्हाही म्हटलं गेलं आणि तारखा पाहिल्या तर ते खोडता येत नाही.

त्यानंतरचे पाच महिने या गावांनी पोलिसांच्या सावलीत काढले. डिसेंबरात जेलभरो झालं, हजारो माणसं आली. त्याच महिन्यात पोलिसांच्या गाडीच्या धडकेत नाट्याच्या एका दुचाकीस्वाराचा मृत्यू झाला आणि गाव पेटून उठलं. जमावबंदी, बाहेरून येणाऱ्या कार्यकर्त्यांना जिल्हाबंदी, नेत्यांवर गुन्हे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट तज्ज्ञ समितीनं २०११च्या अहवालात रत्नागिरी जिल्ह्याबद्दल एक नोंद केली आहे: २८ ऑगस्ट २००७ ते २१ ऑक्टोबर २००९ या काळात जिल्हाधिकाऱ्यांनी मुंबई पोलीस कायद्याच्या कलम ३७ (१)(३) खाली एकूण १९१ दिवस जमावबंदी लावली होती. म्हणजे लोकांनी एकत्र येऊन बोलणं हाच गुन्हा ठरवायची सवय प्रशासनाला जैतापूर पेटण्याआधीच लागली होती. जानेवारी २०११ मध्ये पालकांनी मुलांना शाळेत पाठवणं बंद केलं. २६ फेब्रुवारीला मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण उद्योगमंत्री नारायण राण्यांसह माडबनला आले, त्यांनी विजेची गरज आणि सुरक्षेची हमी समजावून सांगितली. लोकांनी ऐकून घेतलं आणि प्रकल्प नको असंच सांगितलं.

दोन आठवड्यांनी, ११ मार्चला, जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामी झाली. फुकुशिमाच्या भट्ट्या बंद केलेल्या होत्या, पण थंड ठेवणाऱ्या पंपांची वीज गेली आणि तीन भट्ट्यांमधलं इंधन वितळलं. टीव्हीवर ते दृश्य नाट्याच्या घराघरांत पाहिलं गेलं. जैतापूरचा सडा उंच आहे, त्सुनामी तिथवर पोचणार नाही, भट्ट्यांची रचना नवी आहे, असं अधिकारी सांगत राहिले. ते म्हणणं तांत्रिकदृष्ट्या पोकळ नव्हतं. पण जपानसारख्या देशाला जे जमलं नाही ते आपल्याकडे जमेल, हे पटवणं आता अशक्य होतं. ९ एप्रिलला शिवसेनेचे नेते उद्धव ठाकरे यांनी नाट्यात सभा घेतली आणि तोवर गावांचा असलेला लढा राज्याच्या राजकारणात ओढला गेला. त्यानं ताकद वाढली, तशी धगही.

१८ एप्रिल २०११. प्रकल्पाच्या जागेवरचं काम पुन्हा सुरू झाल्याचं कळल्यावर सकाळीच माणसं तिकडे गेली. बायका पुढे होत्या. काम बंद पाडलं गेलं, धरपकड झाली. धरलेल्यांना सोडवायला मोठा जमाव नाट्याच्या पोलीस ठाण्यावर गेला. दगडफेक, जाळपोळ, लाठीमार, अश्रुधूर आणि शेवटी गोळीबार. जमावानं ठाण्यावर हल्ला केला म्हणून गोळी चालवावी लागली, असं पोलिसांनी सांगितलं. गोळीबाराची गरज नव्हती आणि नेम कमरेखाली धरला नाही, असं गावानं सांगितलं. तबरेज सायेकर हा तिशीतला मच्छीमार त्यात गेला, अनेक जखमी झाले. दुसऱ्या दिवशी जिल्हा बंद होता, एसटी जळल्या, रत्नागिरीच्या सरकारी रुग्णालयात मोडतोड झाली. रुग्णालयातल्या त्या मोडतोडीचं समर्थन कुणीही करू नये. पण एका मच्छीमार गावातल्या विरोधाचा शेवट गोळीनं व्हावा, ही जबाबदारी सरकारचीच. आठवड्याभरात दिल्लीत बैठक झाली आणि २६ एप्रिलला सरकारनं प्रकल्प पुढे नेणार असल्याचं जाहीर केलं.

लढा विरला तो गोळीनं नव्हे. २०१३च्या सुरुवातीला राज्य सरकारनं हेक्टरी साडेबावीस लाख रुपयांचं वाढीव अनुदान जाहीर केलं. कोकणातल्या सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांपासूनची नावं असतात, सहहिस्सेदार मुंबई-ठाण्यात विखुरलेले असतात. गावात राहून कलमं जपणारा एक, आणि सहीचा हक्क असलेले दहा. ताबा गेलेलाच होता, कोर्टातून जमीन परत मिळेल ही आशा उरली नव्हती. बहुतेक खातेदारांनी हळूहळू धनादेश घेतले, आंदोलनाच्या पुढाऱ्यांपैकीही काहींनी घेतले. त्यांना दोष द्यायला मी धजावत नाही. जमीन आधीच भिंतीच्या आत गेली होती. मात्र तेव्हापासून माडबन आणि नाटे यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. शेतकऱ्याला विकायला निदान जमीन होती. मच्छीमाराकडे विकण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तडजोडीलाही त्याला कुणी बोलावलं नाही. नाट्याचा विरोध तसाच राहिला.

इकडे भिंत पुरी झाली, तिकडे फ्रान्समध्ये या भट्टीचीच रया गेली. माडबनला जी भट्टी येणार होती तिचा पहिला नमुना फिनलंडमध्ये ओल्किलुओटोला २००५ पासून बांधला जात होता. २००९ मध्ये तयार व्हायचा तो २०२३ मध्ये नियमित चालू झाला. फ्रान्सच्या फ्लामाँव्हिलला २००७ मध्ये काम सुरू झालं, वीज मिळायला डिसेंबर २०२४ उजाडलं. खर्च अंदाजाच्या कित्येक पटींनी वाढला. या ओझ्याखाली अरेवा मोडली आणि तिचा अणुभट्ट्यांचा धंदा ईडीएफ या फ्रेंच वीज कंपनीकडे गेला. मार्च २०१८ मध्ये अध्यक्ष माक्राँ दिल्लीत आले तेव्हा नवा करार झाला, एप्रिल २०२१ मध्ये ईडीएफनं सहा भट्ट्यांसाठी तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव दिला. विजेचा दर काय पडणार आणि अपघात झाला तर भरपाई कोण देणार, या दोन प्रश्नांवर बोलणी अडत राहिली. २०१० मध्ये ज्या प्रकल्पाची इतकी घाई होती की हरकती ऐकायला सवड नव्हती, त्याची पर्यावरण मंजुरी बांधकाम सुरू न होताच डिसेंबर २०२२ मध्ये मुदत संपून गेली.

मधल्या काळात याच राजापूर तालुक्यात आणखी दोनदा हेच घडलं. नाणारला तेलशुद्धीकरण प्रकल्प जाहीर झाला, लोक उठले, २०१९ मध्ये तो रद्द झाला. मग तो बारसू-सोलगावच्या सड्याकडे सरकला. एप्रिल २०२३ मध्ये तिथे माती परीक्षणाची यंत्रं आली आणि पोलिसांच्या गाड्यांची रांग लागली. बायका उन्हात सड्यावर आडव्या पडल्या, अश्रुधूर सोडला गेला. त्या सड्यावर माणसानं हजारो वर्षांपूर्वी कोरलेली कातळशिल्पं आहेत. बारसू, देवीहसोळ, कशेळी ही राजापूरची ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. ज्या कातळाला सरकारी कागद रिकामा म्हणत आले, त्यावर माणसाची वहिवाट इतकी जुनी आहे.

या सगळ्यातून हाती काय लागलं? विजेच्या बाजूनं पाहिलं तर काही नाही. ९३८ हेक्टर जमीन पंधरा वर्षं ना शेतीच्या कामी आली ना प्रकल्पाच्या. भिंतीच्या आतल्या कलमांना पाणी घालणारं, फवारणारं, राखणारं कुणी उरलं नाही. मोबदल्याचे पैसे काही घरांत शिक्षणाला आणि घरबांधणीला लागले, ते नाकारायचं कारण नाही. पण बागेतली मजुरी गेली ती गेलीच, आणि तरुण पोरं पुन्हा मुंबईच्या गाडीला लागली. सरकारच्या बाजूनं सर्वांत मोठं नुकसान विश्वासाचं झालं. आज राजापुरात कुठल्याही खात्याची गाडी मोजणीला आली, अगदी रस्त्याच्या किंवा पाण्याच्या योजनेसाठी आली, तरी आधी विचारलं जातं, कशाची मोजणी? हा संशय माडबनच्या जमिनीच्या ताब्याच्या दिवशी पेरला गेला.

अणुऊर्जा असावी की नसावी, यावर जाणत्या माणसांचे दोन पक्ष आहेत आणि तापत्या पृथ्वीच्या काळात तो वाद अधिकच अवघड झाला आहे. मला इथे त्याचा निकाल द्यायचा नाही. पण माडबनला तो वाद झालाच नाही. तिथे झाली ती आधी ताबा, मग सुनावणी, मग मंजुरी, आणि मंजुरीनंतर अभ्यासाच्या अटी, अशी उलटी वाट. पर्यावरण मंजुरी आता नव्यानं मागितली गेली आहे. ती देण्याआधी नाट्याच्या बंदरावर वर्षभर, ऑगस्टच्या पहिल्या होडीपासून मेअखेरपर्यंत, उतरणारी मासळी रोज मोजावी. त्या मासळीवर, खाडीतल्या कालवांवर आणि आजूबाजूच्या बागांवर किती घरं चालतात, त्यांत मजूर, खलाशी आणि निवडायला बसणाऱ्या बायका किती, हे घरोघर जाऊन लिहावं. आणि तो हिशेब मराठीत छापून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. सुनावणी त्यानंतर घ्यावी, जमावबंदीशिवाय.